पांढरीतली हिरवी जागा

आमच्या घरी कपाटाच्या तळाशी एक नकाशा गुंडाळून ठेवलेला आहे. प्लॉट घेतला तेव्हा खरेदीखताबरोबर तो हाती आला. चाकुरातून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला एका शेताचे तुकडे पाडून जी वसाहत झाली, तिचा हा नकाशा. रस्ते पांढरे, प्लॉटांच्या चौकटी काळ्या, आणि मधोमध एक चौकोन हिरव्या पेन्सिलीने अगदी प्रेमाने भरलेला. त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘खुली जागा’. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. त्या हिरव्या रंगावर बोट ठेवून तिने विचारले, “इथं बाग आहे का?” मी म्हणालो, “असणारच.”

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सारी मंडळी जागा पाहायला गेलो. काळी माती, तीत माजलेली हराळी, दोन बाभळी आणि कोणीतरी आणून टाकलेला खडीचा ढीग, एवढीच ती बाग होती. मुलगी काही बोलली नाही. मीच चार पावले पुढे होऊन, इथे घसरगुंडी येईल, तिथे चाफा लावू, असे काहीबाही सांगत सुटलो. सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला. जे नाही ते रंगवून सांगण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते!

पण तो प्रश्न मनातून गेला नाही. नकाशातली हिरवी जागा जमिनीवर हिरवी होते ती कशाने? त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी चाकुरातून पार मुंबईला, इंदूरला आणि विलायतेलाही जाऊन आलो, अर्थात पुस्तकांतून. त्या प्रवासात जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे जमिनीचे दोन रंग मानतात. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. नवी वसाहत म्हणजे काळीची पांढरी करणे. आमच्या आजोबा-पणजोबांनी हे कधी सहजासहजी केले नसते; पांढरी एकदा ठरली की ठरली. मात्र त्या जुन्या पांढरीतही सगळ्यांची म्हणून काही जागा राखलेली असे. वेशीजवळ वड किंवा पिंपळ, त्याला बांधलेला पार, जवळ आड किंवा बारव, आणि गावाबाहेर गुरांसाठी गायरान. विहीर खणणे, तळे बांधणे, आमराई लावणे यांना आपल्या धर्मशास्त्राने ‘पूर्त’ म्हटले आणि यज्ञयागाच्या जोडीला बसवले. ‘इष्टापूर्त’ हा शब्द त्यातूनच आला.

पण नुसत्या पुण्यावर झाड जगत नाही, हेही त्या लोकांना ठाऊक होते. म्हणून देवळाची, मशिदीची चाकरी करणाराला जमीन तोडून दिलेली असे. निजामी अमलात आमच्या मराठवाड्यात अशा जमिनीला खिदमतमाश म्हणत. खिदमत म्हणजे सेवा. जो झाडील, सारवील, दिवा लावील, त्याच्या पोटाची सोय त्या जमिनीतून व्हावी, असा हिशेब. पिंपळाला पाणी घालणाऱ्या बायांना माश मिळत नसे. त्यांना पुण्यावरच भागवावे लागे. तरी एवढे खरे की, प्रत्येक सामाईक गोष्टीमागे कोणीतरी ठरलेले माणूस उभे असे.

हे चित्र मी वर्गात मोठ्या रसाने रंगवीत असे. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “गुर्जी, आमचा आजा त्या पारावर कधी बसला नाही. बसू देत नव्हते.” वर्ग चिडीचूप झाला. मला त्या दिवशी पुढे शिकवता आले नाही. पार गावाचा, आड गावाचा, पण गावकुसाबाहेर राहणाऱ्याला पारावर बसायचे नाही आणि आडात पोहरा सोडायचा नाही. ज्या झाडाच्या सावलीत बसायची बंदी, त्या झाडाला कोण कशाला आपले म्हणेल? जुन्या व्यवस्थेचा हिशेब मांडताना ही बाकी खाली लिहावीच लागते. त्या मुलाने मला जे शिकवले ते पुढच्या साऱ्या वाचनात माझ्याबरोबर राहिले. सामाईक जागा दिसली की मी तीन गोष्टी विचारू लागलो. ती राखतो कोण? त्याचा खर्च कोठून येतो? आणि तिथून हाकलले कोणाला जाते?

आता शहराकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या, अंधाऱ्या चाळींतून माणसे पटापट मरू लागली, तेव्हा सरकारला हवेची आणि उजेडाची आठवण झाली. १८९८ साली मुंबईच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूला नव्या वस्त्या आखल्या. आज आपण ज्याला लेआऊट म्हणतो त्याची आपल्या प्रांतातली ही पहिली मोठी तालीम म्हणायला हरकत नाही. याच ट्रस्टमध्ये मंचरजी एदलजी जोशी नावाचे एक पारशी इंजिनिअर होते. मध्यम स्थितीतल्या पारशी कुटुंबांना परवडेल अशी वसाहत व्हावी म्हणून त्यांनी ट्रस्टकडून शंभरावर प्लॉट राखून घेतले. तीच दादरची पारशी कॉलनी. जोशी नुसते घरे मोजून थांबले नाहीत. कोणत्या रस्त्याला कोणते झाड, हेही त्यांनी ठरवले, आणि लगतच्या दोन रस्त्यांना एकच झाड येऊ दिले नाही. शेजारच्या पाच बागा ‘फाइव्ह गार्डन्स’ म्हणून साऱ्या मुंबईला ठाऊक आहेत, आणि आज त्यांना जोशींचेच नाव आहे.

या गोष्टीत मला दोन धागे दिसतात. झाडे लावणारा माणूस त्या वसाहतीच्या कामाला जन्मभर वाहून घेतलेला होता, हा एक. दुसरा असा की, कॉलनी एका समाजाची असली तरी त्या पाच बागांत माटुंग्याचे तमीळ आजोबा, वडाळ्याची पोरे, कॉलेजातली जोडपी, सगळेच जाऊन बसतात. घरे एका समाजाची आणि सावली सगळ्यांची, अशी ती तडजोड आहे. आमच्या जुन्या पाराला जे साधले नाही, ते त्या बागांना बरेचसे साधले.

मग खर्चाचे काय? या प्रश्नाचे उत्तर विलायतेतल्या एका लघुलिपीकाने काढले. एबनेझर हॉवर्ड हा पार्लमेंटातली भाषणे उतरून घेणारा साधा माणूस. १८९८ साली, म्हणजे मुंबईत ट्रस्ट निघाला त्याच साली, त्याने उद्यान-नगराची कल्पना मांडणारे पुस्तक छापले आणि १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ येथे तसे गाव वसू लागले. लोकांना वाटते की हॉवर्डची कल्पना म्हणजे बागा. खरे पाहता त्याची कल्पना म्हणजे हिशेब होता. गावची जमीन एकाच संस्थेच्या हाती ठेवायची, तिचे भाडे घ्यायचे आणि वाढत्या भाड्याचा पैसा कोणा जमीनदाराच्या खिशात न जाता त्याच गावाच्या कामी लावायचा. हे वाचताना मला आपली खिदमतमाश आठवली. दोन्हींचे मर्म एकच, की सामाईक जागेला स्वतःचे उत्पन्न हवे. फरक इतकाच, की आमच्याकडे ते एका घराण्याच्या नावे असे आणि लेचवर्थला ते गावाच्या नावे झाले.

हॉवर्डच्याच काळातला दुसरा मोठा माणूस पॅट्रिक गेडीस. हा स्कॉटलंडचा, मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला, गावोगाव पायी हिंडला, आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून सरळ रस्ते काढणाऱ्या इंजिनिअरांचा त्याला मनस्वी तिटकारा. आधी झाड पाहा, विहीर पाहा, बायका कुठे बसतात ते पाहा, आणि मग पाडायचे ते पाडा, असे त्याचे सांगणे.

या गेडीसची एक हकीगत दिवाळीचीच आहे. तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात तो शहराची पाहणी करीत होता. १९१८ साली त्याचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगाची दहशत होती आणि हा गोरा माणूस नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरतो म्हणून लोक त्याला बिचकत. आता घरे पाडणार, अशी बोलवा. तेव्हा गेडीसने एका दिवसासाठी महाराजांचे अधिकार मागून घेतले. दिवाळीची मिरवणूक निघेल, पण ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, जिथली घरे दुरुस्त केलेली आणि झाडे लावलेली असतील, त्या रस्त्यांनी जाईल, अशी दवंडी पिटली. झाले! सारे शहर झाडू घेऊन बाहेर पडले. गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा उंदीर निघाले आणि शेवटी त्यांना जाळण्यात आले. पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्या मिरवणुकीतली दुसरी एक रांग. शहराचे झाडूवाले पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. ज्यांच्या हातांनी शहर राहते त्यांना त्या दिवशी शहराने पाहिले. आणि अखेरीस लोकांच्या हाती काय दिले? तुळशीची रोपे. म्हणजे मिरवणूक संपली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरात एकाला तरी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर यावेच लागणार!

इंदूरची ही गोष्ट ऐकायला गोड आहे. आता आमच्याच जिल्ह्यातली कडू गोष्ट सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आमच्या चाकुरातही भांडी खडखडली आणि आम्ही अंगणात धावलो. किल्लारीच्या बाजूला दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे एका क्षणात गेली.

नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीन नसलेल्याला किंवा थोडी असलेल्याला अडीचशे चौरस फुटांचे घर, मधल्याला चारशेचे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचे, अशी वाटणी. भीतीच अशी होती की सगळ्यांनी मोकळी जागा मागितली. गल्लीत दबून मेलेली माणसे ज्यांनी पाहिली ते दुसरे काय मागणार? तेव्हा रस्ते रुंद झाले, घराघरांत अंतर पडले, मध्ये मैदाने आली आणि नवी गावे जुन्या गावांच्या कित्येक पट पसरली. काही वर्षांनी मी अशा एका गावात एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. शहरासारखे काटकोनात आखलेले गाव. मधल्या मोकळ्या जागेत वेडी बाभूळ माजलेली. लग्नघरचे आजोबा म्हणाले, “गुर्जी, जागा लई हाय, बसायला जागा नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. जुन्या गावात पार होता, तो कोणी आखला नव्हता, पण तिथे रोज कोणी ना कोणी बसे. इथे मैदान आखून मिळाले, पण तिथे झाड कोणी लावायचे आणि मैदान कोणाचे, हे कोणी कोणाला विचारलेच नव्हते. पुढे पुन्हा एकदा गेलो तेव्हा मात्र त्याच गावात काही घरांसमोर कडुनिंब डेरेदार झाले होते आणि एका निंबाखाली चार फरशा टाकून लोकांनी आपला पार आपणच केला होता. नकाशात तो नव्हता.

एवढी तीर्थयात्रा करून आता पुन्हा चाकुरात येतो. सरकारचा कायदा या बाबतीत वाईट नाही. २०२० सालच्या डिसेंबरात मुंबईसारखी काही ठिकाणे वगळून सबंध महाराष्ट्राला एकच विकास नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे चाळीस गुंठे किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआऊट पाडताना दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते, आणि ती सगळ्यांच्या वापराची राहील असे मालकाला लिहून द्यावे लागते. दहा टक्क्यांचा दंडक त्यापूर्वीही निरनिराळ्या नियमांत होताच. ज्यांनी मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा विकला, त्यांच्या वसाहतींत हीही जागा सुटली नाही. अशा वस्त्या नियमित करून घेण्यासाठी २००१ साली वेगळा गुंठेवारी कायदाच करावा लागला. तेव्हा आम्ही नशीबवान. आमच्या नकाशात हिरवा चौकोन तरी आहे. पण कायदा जागा सोडायला लावतो; तिथे पाणी घालायला तो येत नाही.

पाणी म्हटले की २०१६ चा उन्हाळा आठवतो. लातूरला पाण्याची रेल्वे आली ती त्या वर्षी. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले आणि सारा देश लातूरचे नाव घेऊ लागला. आमच्याकडेही बोअर आटले होते, टँकरपुढे घागरींची रांग लागे. आमच्या चौकोनात तोवर कसाबसा एक कडुनिंब पुरुषभर वाढला होता. एका संध्याकाळी शेजारच्या काकू, वय सत्तरीच्या पुढचे, त्याच्या बुंध्याशी तांब्याने पाणी घालताना दिसल्या. मला राग आला. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “काकू, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही झाडाला घालता?” त्यांनी वळून पाहिले. म्हणाल्या, “गुर्जी, हे भाजी धुतलेलं पाणी हाय. मोरीत सांडायचं ते इथं सांडायलेय.” मी काय बोलणार? इतिहासाची एवढी पुस्तके वाचून जे उमगले नव्हते ते त्या तांब्यात होते. निंब जगला. काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.

त्या निंबावरच आता वाद उभा आहे. वसाहतीत दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे, मोकळ्या जागेत सभागृह बांधावे, म्हणजे बारशी-मुंजी होतील आणि भाड्याचे पैसे येतील. उत्पन्न हवे हे त्यांचे म्हणणे मला हॉवर्डने शिकवलेच आहे. पण जागेवर छप्पर आले की उत्पन्नच राहते, जागा राहत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, तारेचे कुंपण घालून फाटक बसवावे, कुलूप लावावे आणि ‘फक्त प्लॉटधारकांसाठी’ अशी पाटी लावावी. गेल्या महिन्यातल्या बैठकीत बहुतेक सारे या बाजूचे होते. कारण काय, तर भाडेकरूंची पोरे तिथे चेंडू खेळतात आणि घरकामाला येणाऱ्या बाया दुपारी निंबाखाली डबा खातात.

मी उठून उभा राहिलो. इंदूरची मिरवणूक, फाइव्ह गार्डन्स, सगळे सांगावे असे मनात होते. पण बोललो ते एवढेच, की माझ्या वर्गातल्या एका मुलाचा आजा पारावर बसू शकला नव्हता; आपण पुन्हा तसा पार बांधणार आहोत का? कोणी उत्तर दिले नाही. मग एक तरुण गृहस्थ, स्वतः भाड्याने राहणारे, मागून म्हणाले, “गुरुजी, उन्हाळाभर त्या निंबाला पाणी कोण घालतं, माहीत आहे का? डबा खाणाऱ्या मावश्याच घालतात. डबा धुतलेलं.” हे मला ठाऊक नव्हते. त्या जागेचा मी एवढा कैवारी, आणि काकूंच्या मागे तो तांब्या कोणी उचलला हे मी कधी पाहिलेच नव्हते!

सभागृहाचा आणि कुलपाचा निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेला आहे. काय होईल ते सांगता येत नाही. तोवर आम्ही सात-आठ घरांनी एक पाळीचा कागद केला आहे. वार, घर आणि काम, एवढेच तीन रकाने. महिन्याला घरटी पन्नास रुपये. कागदावर प्लॉटधारक आहेत, भाडेकरू आहेत, आणि दोन मावश्यांनी आपली नावे आपणहून सांगितली. त्यांच्याकडून पन्नास रुपये घ्यायचे नाहीत असे ठरले. त्यावर त्यातली एक म्हणाली, “मग आमच्या पाळीला आम्हाला चहा पाजा.” तेही ठरले.

मार्गशीर्षात येळवस येईल. त्या दिवशी लातूर जिल्हा घरी सापडत नाही. जो तो शेतात, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून, भज्जी आणि आंबील घेऊन बसलेला. पण आमच्या वसाहतीत निम्म्या घरांची शेती विकली गेली आहे आणि बाकीच्यांना कधी नव्हतीच. गेल्या येळवशीला त्यांच्यातली काही घरे निंबाखाली जमली. कोणी चार पेंढ्या आणून लहानशी कोप उभी केली. काळीची पांढरी झाली होती, तिच्यात हातभर काळी अजून शिल्लक आहे, असे मला त्या दिवशी वाटले. यंदाही जमावे असा बेत आहे. जागा तेव्हा उघडी असली म्हणजे झाले.

माझी मुलगी परवा दिवाळीला आली. तिची मुलगी आता चौथीत आहे. कपाट आवरताना तो जुना नकाशा निघाला, तेव्हा नातीने त्या फिकट झालेल्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवले. ती काही विचारणार तोच तिच्या आईने तिला हाक मारली, “चल, आज रविवार. आजोबांची पाळी आहे.” आणि दोघी बादली घेऊन माझ्या आधी बाहेर पडल्या.